उताराची गाडी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही हा विषय टाळला — त्याला माहीत असेल तर असो, माझ्या तोंडून त्यानेही ऐकलेलं नाही. आज सांगते आहे ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. ते होत नसतं. मला ओळखणारे मला शिस्तीची, सरळ बाई समजतात. निदान तेवढं तरी दुरुस्त व्हावं.

सत्तरनंतरची वर्षं. सोलापुरात शहर बसच्या डेपोत मी कारकून होते. गाड्या लावणं हे माझं काम. म्हणजे कुठली गाडी कुठल्या मार्गावर जाईल आणि कुणाच्या हातात असेल, हे सकाळी मी ठरवायचे आणि साहेब सही करायचे. सोपं वाटतं ना? पण गाड्या पुरेशा कधीच नसायच्या, आणि असायच्या त्या धड नसायच्या. एकीचं दार लागत नसे, एक चढाला तापायची, एकीच्या खिडक्यांना काचाच नव्हत्या. एकीचा तर स्टार्टरच गेलेला. नवा मागवला होता — येईल तेव्हा येईल. तोवर गाडी उभी करून ठेवायची? मग गिरणीवाल्यांनी कामावर जायचं कसं?

म्हणून आमची एक रीत होती. स्टार्टर गेलेल्या गाडीला सगळे ‘उताराची गाडी’ म्हणायचे. ती फक्त कचेऱ्यांच्या मार्गावर लावायची, कारण तिथला शेवटचा थांबा उतारावर होता. ब्रेक सोडला, गाडी जरा घरंगळली, की गिअर टाकायचा — इंजिन सुरू.

दुसरी रीत अशी, की गाडीची खराबी ड्रायव्हरने लिहून द्यायची नाही. लिहून दिली की गाडी वर्कशॉपात जाणार आणि त्याची त्या दिवसाची ड्युटी बुडणार. म्हणून जो तो सकाळी माझ्या खिडकीशी येऊन तोंडी सांगायचा, आणि मी जमेल तशी अदलाबदल करायचे. त्यांनी सांगितलेलं खरं धरायचं हे माझं काम. आणि मी ऐकलेलं ऐकलं म्हणायचं — हेही माझंच काम.

मल्लप्पा ड्रायव्हर वळसंगचा. घरी कानडी, डेपोत मराठी, आणि गाडी अडली की तिच्याशी दोन्ही. गाडीवर हात सगळ्यात हलका, तोंड सगळ्यात तिखट. एकदा मी कुणाची तरी रजा नाकारली तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, “बाई, खुर्चीत बसून गाडी लावनं सोपं हाय. येकदा चाक धरून बगा की, मंग कळंल रजा कशाला लागती.” सगळे हसले. ऑफिसात मी एकटी बाई. मीही हसले. पण ते मी विसरले नाही — असल्या गोष्टी मी विसरत नाही, हा माझा स्वभाव.

मग एक नवी गाडी आली. नवी गाडी सगळ्यात जुन्या ड्रायव्हरला द्यायची, नारळ त्याने फोडायचा, हे ठरलेलंच होतं. मल्लप्पाचा नंबर होता. किती वर्षं तो त्याची वाट बघत होता, ते सगळ्या डेपोला ठाऊक होतं. साहेबांनी एवढंच सांगितलं, की नवी गाडी कचेऱ्यांच्या मार्गावर लावा, चार मोठी माणसं बघतील. ड्रायव्हर कोण, ते माझ्यावर सोडलं.

मी दुसऱ्याचं नाव घातलं. साहेबांना म्हणाले, मल्लप्पाला त्या मार्गाची सवय नाही.

आता बघा काय झालं. नवी गाडी उताराच्या मार्गावर गेली. तिला उताराची काय गरज? आणि जिला गरज होती ती, स्टार्टर गेलेली गाडी मोकळी झाली. ती मी अक्कलकोट रोडकडच्या विणकरांच्या वस्तीला लावली — परातीसारखा सपाट मार्ग — आणि मल्लप्पाच्या हातात दिली. चुकून? नाही. मला कळत होतं. एक फेरी रद्द केली असती तर भागलं असतं, साहेब जरा बोलले असते. पण मला त्याला ती गाडी ढकलायला लावायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीशी आला. नव्या गाडीबद्दल भांडेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो म्हणाला, “नव्या गाडीचं ऱ्हाऊ द्या, बाई. पन ही सपाटीला न्हाय चालायची. तितं गाडी भिताडाला तोंड करून उबी ऱ्हाती. मागं ढकलावी लागंल. कुनाला तरी लागंल की.”

मी मान वर न करता म्हणाले, “आज हीच आहे. न्यायची तर न्या, नाहीतर रजा टाका.”

त्याने नेली.

शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद पडलं. गाडी मागे घेताना कंडक्टरने पाठीमागे उभं राहून शिट्टी मारायची, असा नियम. पण ढकलायला माणसं कमी पडत होती, म्हणून कंडक्टरही पुढून रेटा द्यायला लागला. मागे कुणीच नव्हतं. इंजिनने पकड घेतली आणि गाडी हिसक्याने मागे गेली. नरसम्मा नावाची एक विडी कामगार कारखान्यात विड्या देऊन घरी निघाली होती. गाडी आणि मागच्या घराची भिंत यांत तिचा उजवा हात सापडला. विडी वळणाऱ्या बाईचा उजवा हात — पुढचं मी काय सांगू?

चौकशी बसली. मल्लप्पावर ठपका असा, की गाडी नादुरुस्त आहे हे न कळवता त्याने ती रस्त्यावर काढली. त्याने सांगितलं, मी बाईंना कळवलं होतं. मग मला आत बोलावलं. मी दारातून आत गेले तेव्हा त्याचे खांदे खाली आले — आता सुटलो, असे. ते मी पाहिलं. साहेबांनी विचारलं, “यांनी तुम्हाला सांगितलं होतं?”

मी म्हणाले, “नाही.”

का म्हणाले? हो म्हटलं असतं तर ठपका माझ्यावर आला असता, नोकरी गेली असती. घरात नवरा आजारी, मुलं शाळेत. शिवाय बाईला हे काम द्यायलाच नको होतं, असं म्हणायला सगळे टपलेले. ही कारणं खरी आहेत. पण ती मी नंतर जमवली. त्या क्षणी यांतलं एकही मनात नव्हतं. ‘नाही’ तोंडात तयार होतं, ते बाहेर आलं.

मल्लप्पाची नोकरी गेली. नरसम्माला मी भेटायला गेले नाही. तिची वस्ती माहीत होती, घर कुणीही दाखवलं असतं. गेले नाही. मला पुढे बढती मिळाली आणि ती मी घेतली.

गणवेश परत करायला मल्लप्पा आला तेव्हा माझ्या खिडकीशी थांबला. शिव्या देईल असं वाटलं. द्याव्यात असंही वाटलं असेल — आता आठवत नाही. तो हळू आवाजात म्हणाला, “बाई, मनाला लावून घिऊ नका. सकाळच्या पारी खिडकीला लई गर्दी असती. दहा जन दहा गोष्टी सांगत्यात. तुमी इसरला असाल.”

मी म्हणाले, “असेल.”

तो मान हलवून गेला. पुढे डेपोत तेच रूढ झालं — बाई बिचाऱ्या विसरल्या. त्यानेच तसं सगळ्यांना सांगितलं होतं. तो वळसंगला गेला आणि काही वर्षांनी तिथेच वारला. मरेपर्यंत तो तेच धरून होता, असं ऐकलं.

त्या सकाळी खिडकीला गर्दी नव्हती. मल्लप्पा एकटाच उभा होता, आणि मी त्याचा शब्द न् शब्द ऐकला होता.