दोघांनी बसायचा बाक

चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला असताना आमच्या वर्गाला नागपुरातच एक प्रदर्शन पाहायला नेलं होतं. मी नालवाडीची. रोज सकाळी ऑटोनं वर्धा स्टेशन गाठायचं आणि रेल्वेनं नागपूरला कॉलेजात जायचं, असा माझा क्रम होता. तोवर प्रदर्शन म्हणजे भिंतीवर चौकटी, खाली चित्रकाराच्या नावाची चिठ्ठी आणि ‘हात लावू नये’ ही पाटी, एवढंच मला ठाऊक होतं.

इथं एक अंधारी खोली होती आणि छतापासून जाड सुती दोर लोंबत होते. बस, एवढंच. मी सवयीनं हात पाठीमागे बांधून उभी राहिले. तिथली स्वयंसेवक मुलगी जवळ येऊन म्हणाली की दोर ओढायचे आहेत, बघणाऱ्यानं ओढल्याशिवाय हे काम पुरं होत नाही. मी भीत भीत एक ओढला. माझ्या कानाशीच कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘अगं बाई, हे काऊन वाजून राह्यलं?’’

माझ्या बोलीला अख्खा वर्ग हसला. नागपूरची पोरंही घरी असंच बोलतात, पण कॉलेजात नाही. पुढं कित्येक दिवस मी कॅन्टीनमध्ये शिरले की कोणीतरी म्हणायचं, काऊन गं, चहा घेऊन राह्यली का? त्यात वाईट हेतू नव्हता हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी वर्गात कमी बोलू लागले आणि बोलायच्या आधी वाक्य मनात धुऊन घेऊ लागले.

त्या संध्याकाळी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. हसण्याचा भाग वगळला. माझी आई अंगणवाडीत शिकवते. भाजी निवडता निवडता तिनं दोरांबद्दल नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मंग ते चित्र कोनाचं झालं? करणाऱ्याचं, का ओढणाऱ्याचं?’’

तो प्रश्न मनात घेऊन मी अशी प्रदर्शनं शोधून शोधून पाहू लागले. एके ठिकाणी आपली सावली भिंतीवर पडली की तिथं रंग उमटायचे. एके ठिकाणी मातीचा गोळा ठेवला होता आणि येणारा प्रत्येकजण त्याला थोडा आकार देऊन पुढं जायचा. काही कामं नुसती गंमत होती, एकदा पाहिली की संपली. काही मात्र घरापर्यंत सोबत यायची. ती सोबत का येतात, याचा विचार मी परतीच्या गाडीत खिडकीशी बसून करत असे. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. मला आवडलेल्या कामांत माणूस एकटा उरत नव्हता, अनोळखी माणसाशी त्याची गाठ पडत होती.

शेवटच्या वर्षाच्या कामासाठी मी बाक करायचं ठरवलं. साधा लाकडी बाक, पाठीला टेका असलेला. बसायच्या फळ्या दोन, वेगवेगळ्या. दोन्हींच्या खाली स्प्रिंगचं बटण. एकजण बसला तर काही होणार नाही. दोघं बसले की टेक्यात दडवलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरमधून माणसांच्या गप्पा सुरू होतील, आणि त्याही इतक्या हळू की ऐकायला दोघांना मध्याकडं सरकावं लागेल. लाकूडकाम आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी केलं. वायरिंग माझ्या धाकट्या भावानं, तो पॉलिटेक्निकला आहे. त्यानं आधी मला वेड्यात काढलं आणि मग दिवाळीची सगळी सुट्टी त्यातच घातली.

गप्पा कुठून आणायच्या हा प्रश्नच नव्हता. आमच्या घरासमोर दुपारी बाया बसतात. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मध्ये ठेवला की पहिली पाच मिनिटं त्या पाहुण्यांसारख्या बोलायच्या, मग विसरून जायच्या. सगळ्यांत रंगली ती शेजारच्या काकूंची गोष्ट. नातवंडं झाल्यावर त्या स्कूटी शिकायला गेल्या होत्या. ‘‘पोरगा ओरडून राह्यला, ब्रेक दाब, ब्रेक दाब,’’ काकू सांगत होत्या, ‘‘मले काई सुचलं नाई, मी आपला पदर दाबला.’’ त्यानंतर बायांचं जे हसणं आहे, ते कितीही वेळा ऐकलं तरी मला हसू येतं.

हे रेकॉर्डिंग आमच्या सरांनी ऐकलं. सर माझ्यावर मेहनत घेणारे होते, म्हणून त्यांचं म्हणणं मला जास्त लागलं. ते म्हणाले, कल्पना उत्तम आहे, पण परीक्षक बाहेरून येणार, त्यांना ही भाषा कळायची नाही, तर याच गोष्टी प्रमाण मराठीत दोन चांगल्या आवाजांत पुन्हा रेकॉर्ड करून घे. मी हो म्हणून निघाले. दारापर्यंत गेले आणि परत आले.

‘‘सर, आवाज बदलले तर बाक राहील, बाया राहणार नाहीत,’’ मी म्हटलं.

सरांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, ‘‘ठीक आहे. तुझं काम, तुझी जबाबदारी.’’

कॉलेजातल्या आमच्या प्रदर्शनाच्या पहिल्या सकाळी मला वाटलं की सरांचंच खरं होतं. लोक यायचे, बाकाकडं पाहायचे, पुढच्या चित्राकडं वळायचे. पाय दुखलेले एक आजोबा येऊन टेकले, घाम पुसला आणि गेले. एक मुलगा बसून मोबाइल पाहत राहिला. मी शेजारी ‘दोघांनी बसावे’ एवढीच चिठ्ठी लावली होती. दोन अनोळखी माणसं काही एकत्र बसत नव्हती, आणि ओळखीची होती ती बसायला लाजत होती. आपणहून कोणाला बोलवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. काम स्वतः बोलावं, असं आम्हाला शिकवलेलं.

दुपारी आई आली. सोबत काकू आणि गल्लीतल्या आणखी दोघी. चौघी नव्या साड्या नेसून, डबे घेऊन वर्ध्याहून गाडीनं आल्या होत्या. आईनं आल्या आल्या बाकाच्या एका टोकाला बसून घेतलं. समोर एक उंच, आखूड पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. खांद्यावर झोळी, हातात चष्मा. त्या बाहेरगावच्या परीक्षक आहेत हे मला माहीत होतं, आईला नव्हतं.

‘‘या न बाई, बसा,’’ आई त्यांना म्हणाली. ‘‘एकटीनं बसलं तं ते बोलत नाई.’’

धरणीनं पोटात घ्यावं, असं मला वाटलं. पण बाई हसल्या आणि बसल्या. गप्पा सुरू झाल्या. दोघी मध्ये सरकल्या, इतक्या की आईचा खांदा त्यांच्या झोळीला टेकला. मधेमधे बाई विचारायच्या, हे काय म्हणाल्या? आई सांगायची. ब्रेकची गोष्ट आली तेव्हा दोघी एकदमच हसल्या. तेवढ्यात आईनं भिंतीशी उभ्या असलेल्या काकूंकडं बोट केलं आणि म्हणाली, ‘‘ते स्कूटीवाली हेच बरं का.’’

बाई उठून काकूंजवळ गेल्या, त्यांचा हात हातात घेऊन बोलल्या. आणि रिकाम्या झालेल्या जागी, कोणी न सांगता, एक अनोळखी मुलगी येऊन आईशेजारी बसली. त्यानंतर प्रदर्शन संपेपर्यंत बाक रिकामा राहिला नाही. लोक वाट पाहायचे, जोडी जमवायचे. कॉलेजातली पोरं बसून गेली, शिपाईमामा आणि प्राचार्य एकत्र बसले. सर शेवटी आले. बसायला सोबत हवी म्हणून त्यांनी मलाच बोलावलं. पूर्ण ऐकलं आणि उठताना म्हणाले की चुकीचा सल्ला दिला होता, बरं झालं ऐकला नाहीस. असं म्हणायला मोठं मन लागतं. मला त्या दिवशी माझ्याइतकाच त्यांचाही अभिमान वाटला.

त्या कामाला पहिलं बक्षीस मिळालं. घरी सगळ्यांत जास्त चर्चा मात्र त्याची झाली नाही, काकूंच्या आवाजाची झाली. त्यांनी स्वतःला पहिल्यांदाच ऐकलं होतं. गाडीत बसल्या बसल्या त्या नाराज होत्या, माहा आवाज असा घोगरा हाय का, म्हणून. नालवाडीला पोचेपर्यंत त्यांचं मत बदललं होतं आणि बाक इकडं कधी आणतेस असं त्या विचारत होत्या.

मी आणला. आमच्या विहाराच्या सभागृहात तो काही दिवस ठेवला. ज्यांनी आयुष्यात प्रदर्शन पाहिलं नव्हतं, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. पुढं नाचणगावच्या एका शाळेतून बोलावणं आलं. मुलांना बाक दाखवायचा आणि त्यांच्याकडून त्यांच्या घरच्या गोष्टी रेकॉर्ड करून घ्यायच्या. माझे बाबा कापूस बाजारात मापाडी आहेत, काट्यावर माल तोलतात. बोलणं कमीच. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी कधी चांगलं-वाईट काही म्हटलं नव्हतं, फी भरायची तेवढी भरली होती. त्या दिवशी मात्र त्यांनी ओळखीचा छोटा टेम्पो ठरवला, बाक स्वतः दोरीनं बांधला आणि मागं त्याला धरून उभे राहिले.

वाटेत देवळीला चहासाठी थांबलो. टपरीवरच्या एका माणसानं बाकाभोवती फेरी मारली, लाकूड ठोकून पाहिलं आणि विचारलं, ‘‘बाकडं चांगलं हाय. विकाचं हाय का?’’

बाबांनी कप खाली ठेवला.

‘‘बाकडं नाई ते,’’ ते म्हणाले. ‘‘माह्या पोरीचं चित्र हाय. शाळेत दाखवाले नेऊन राह्यलो.’’

मग त्यांनी त्या माणसाला टेम्पोत चढायला लावलं, एका फळीवर त्याला बसवलं आणि दुसरीवर स्वतः बसले.