सावत्र मदरबोर्ड

सलीमने खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि मी आधी त्याचा वास घेतला.

"आजी, ते काय खावानं शे का?" तो म्हणाला.

हसू द्या त्याला. नव्या बोर्डाला एक तिखट, लाखेसारखा वास असतो. जुना बोर्ड घासूनपुसून खोक्यात भरला असेल तर स्पिरिटचा वास येतो. या खोक्याला दोन्ही वास येत होते. माझा संशय तिथूनच सुरू झाला.

मी नवापूरच्या बाजारात एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करते. नातवंडं झाली तरी हातातला स्क्रूड्रायव्हर सुटला नाही. नोकरीला लागले तेव्हा मात्र अक्कल बेताची होती. पहिल्यांदा कॅबिनेट उघडलं तेव्हा मी आधी हात जोडले आणि मग शेठना विचारलं, "हा मदरबोर्ड, तर फादरबोर्ड कुठे असतो?" शेठ मान वर न करता म्हणाले, "गल्ल्यावर बसलाय." मी खरंच गल्ल्याखाली वाकून बघितलं होतं. त्या काळात मला कोणीही काहीही विकलं असतं. आता मी सीलबंद खोक्यावरही विश्वास ठेवत नाही. मधलं काही जमलंच नाही मला.

तर मदरबोर्ड. कॉम्प्युटरच्या पोटातली मोठी हिरवी पाटी. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, सगळे तिच्या अंगाखांद्यावर बसतात. पाटी बदलली आणि बाकीचं जुनंच ठेवलं, की घरात सावत्र आई आली समजा. जुनी पोरं ती पदरात घेते की नाही, ते बसवल्याशिवाय कळत नाही.

सलीमची बायको रझिया घरच्या कॉम्प्युटरवर साड्यांच्या भरतकामाची डिझाइन करते. मशीनची सुई कुठून कुठे जाणार ते स्क्रीनवर आखायचं आणि फाइल सुरतेच्या व्यापाऱ्याला पाठवायची. तिचा जुना बोर्ड गेला होता. एका पदराचं डिझाइन अर्धं झालेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते पोचलं नाही तर व्यापारी काम दुसऱ्याला देणार होता. म्हणून सलीम पॅसेंजर पकडून सुरतेला गेला आणि परवडणारा बोर्ड घेऊन आला. रझिया माझ्यासमोर स्टुलावर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.

मी बोर्ड दिव्याखाली धरला. स्क्रूच्या भोकांभोवती ओरखडे नाहीत, म्हणजे पाटी नवी. पण मोठ्या चिपवरची अक्षरं पुसट.

"पाटी नवी, चिप जुनी," मी म्हणाले. "स्वस्तात असंच येतं. चालतात, पण कोणता चालेल ते देवाला माहीत."

"त्यानी वारंटी देल शे," सलीम म्हणाला.

"बोर्डाची की बोलण्याची?"

कॅबिनेटमध्ये घालण्याआधी मी बोर्ड पुठ्ठ्यावरच जोडला. तसंच करावं, नाही चालला तर उघडझाक वाचते. जुना प्रोसेसर, जुनी रॅम. बटण दाबलं. पंखा फिरला. थांबला. पुन्हा फिरला. रझियाने माझ्याकडे बघितलं, मी सलीमकडे, सलीमने पंख्याकडे. मग स्क्रीन उजळली. विंडोजने थोडी कुरकुर केली आणि आली. रझियाची सगळी डिझाइन हार्ड डिस्कवर जागच्या जागी होती. सावत्र आईने पोरं घेतली.

बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवून मी स्क्रू आवळले. रझियाने पर्समधून डोंगल काढला. डोंगल म्हणजे तिच्या सॉफ्टवेअरची किल्ली, काडेपेटीएवढी. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरचं जुन्या पद्धतीचं लांबट पोर्ट असतं, त्यात तो खोचायचा. नाहीतर सॉफ्टवेअर उघडतच नाही. नवं सॉफ्टवेअर घ्यायची तिची ऐपत नव्हती.

तिने कॅबिनेट वळवलं. मागे तसं पोर्टच नव्हतं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तुम्हीन काढी लिधं का?"

इतक्या वर्षांत चोरीचा आळ पहिल्यांदाच आला होता. मी तडक सुरतेच्या दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. चिपच्या पुसट अक्षरांपासून सुरुवात केली, पोर्ट कुठे खाल्लंस इथपर्यंत आले. तो शांतपणे ऐकत होता.

"बा, मैंने भाई को दो बोर्ड दिखाए थे," गुजरातीत आजीला म्हणतात तसं मला बा म्हणत तो बोलला. "पूछा भी था, प्रिंटर पोर्ट चाहिए? भाई बोले, हमारे घर में प्रिंटर ही नहीं है."

मी सलीमकडे बघितलं.

"मी खरंच सांगं ना," सलीम म्हणाला. "आपला घर प्रिंटर शे का?"

"मंग मी इतला दिवस डोंगल कशामा लावू, चुलामा?" रझिया म्हणाली. बिचारा सलीम बोर्डाच्या रिकाम्या खोक्यात तोंड घालून काहीतरी शोधायला लागला.

चूक त्याची म्हणावी तर उत्तर खरं होतं. दुकानदाराची म्हणावी तर त्याने विचारलं होतं. मी पुन्हा दिवा ओढला. स्वस्त बोर्डवाले पुष्कळदा पोर्ट गाळतात, पण त्याच्या पिना पाटीवर तशाच ठेवतात. कडेला पिनांची दुहेरी रांग दिसली, शेजारी बारीक अक्षरांत एलपीटी. म्हणजे प्रिंटर पोर्टच. भंगाराच्या ट्रेमध्ये एका मेलेल्या मशीनची पट्टी होती, एका टोकाला पोर्ट, दुसऱ्या टोकाला चपटी केबल. केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे ठेवून जोडली. डोंगल खोचला.

सॉफ्टवेअर म्हणालं, किल्ली सापडली नाही.

आता मला डोंगलचाही संशय यायला लागला. पण बायोस बघायचं राहिलं होतं. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी येणारं, बोर्डाचं स्वतःचं सेटिंगचं पान. तिथे पॅरलल पोर्ट, म्हणजे तेच प्रिंटर पोर्ट, बंद ठेवलेलं होतं. चालू केलं, सेव्ह केलं, मशीन पुन्हा सुरू केलं. रझियाचा अर्धा पदर स्क्रीनवर आला. ती तिथेच, माझ्या टेबलावर, कामाला बसली. सलीमला चहा आणायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डिझाइन गेलं, आणि व्यापाऱ्याने ब्लाउजच्या बाह्यांचंही काम तिलाच दिलं.

मला मात्र चैन पडेना. दुकानदाराला उगाच बोलले होते. पुन्हा फोन लावला.

"भाई, बोर्ड अच्छा चल रहा है."



"और?"

"और कुछ नहीं."

"बा, सच बताओ, क्या जल गया?"

त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. तेव्हा बोर्ड घ्यायला जाताना घरात काय आहे ते आठवत बसू नका. मशीनच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो दुकानदाराला दाखवा. आणि बोर्ड चांगला चालला तर दुकानदाराला फोन करू नका. बिचाऱ्याची झोप उडते.