पांढरी एक ते पांढरी तीन

दुष्काळाचं वर्ष होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि मला मात्र काळजी होती माझ्या गाण्याची. लॅपटॉपवर बनवलेलं, मीच गायलेलं नाचाचं गाणं संध्याकाळी कॉलेजच्या मैदानात वाजणार होतं. सकाळी मोठ्या स्पीकरवर लावलं, तर हेडफोनमध्ये घुमणारा बेस ऐकूच येईना. घाबरून मी स्पीकर रिक्षात घातला आणि शहागंजातल्या एका स्पीकर दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीकडे नेला.

पन्नाशीच्या त्या माणसानं स्पीकरच्या कागदी पडद्यावर तळहात टेकवला आणि गाणं लावायला सांगितलं.

"स्पीकर चांगलाय. तुझी पट्टीच लई खाली हाय. एवढा खालचा बेस याला झेपत नाय. वर घे."

"पण मग मला वर गावं लागेल. आवाज फाटला तर?"

"गाऊन बघ की इथंच."

गिऱ्हाइकांसमोर, कापऱ्या आवाजात, गाणं होतं त्या पांढरी एकपासून, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून, मी एकेक पट्टी चढत गेलो. पांढरी चारला त्यानं हात वर केला. "एक खाली ये. तीच धर."

दुपारभर बसून गाणं पांढरी तीनमध्ये पुन्हा केलं. संध्याकाळी बेस छातीत धडकला आणि पोरं नाचायला लागली.

दुसऱ्या दिवशी आभार मानायला गेलो. तो पाठमोरा होता. तीन हाका मारल्या, तरी वळला नाही. शेवटी खांद्याला हात लावला.

"कान गेलेत रे, स्पीकरपाशी राहून. बोलणं ओठांवरून कळतं."

"मग माझा आवाज कसा कळला?"

"आवाज कुठं? तुझ्या गळ्याच्या शिरा बघत होतो."

अजूनही नव्या गाण्याची पट्टी ठरवताना मी आधी आरशासमोर उभा राहतो.