नाव घातलेला रेझर

गोविंदमामा गेल्याचे मला सकाळी कळले आणि बाजाराला संध्याकाळी. सकाळचा फोन नितीनचा, माझ्या मामेभावाचा होता. "ताई, दादा गेले," तो बार्शीच्या दवाखान्याबाहेरून म्हणाला. संध्याकाळी मी मामांच्या गावी, ईटला, त्यांच्या अंगणात बसले होते, तेव्हा दुसरा निरोप आला. बंगळूरच्या एका संग्राहकाने विचारले होते : ईटचे कारागीर वारले हे खरे आहे का, आणि असल्यास त्यांचा एखादा रेझर मिळेल का, कालच्या दुप्पट भाव द्यायची तयारी आहे. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी धातुशास्त्र शिकले आहे. एखाद्या घटनेचा परिणाम कुठे आणि किती उमटतो हे पाहण्याची मला सवय आहे. भूम तालुक्यातला एक लेथवाला जातो आणि देशभरच्या हौशी माणसांच्या बाजारात त्याच दिवशी भाव हलतो, ही गोष्ट मला त्या अंगणातही अभिमानाची वाटली. आज दीड महिन्याने लिहिताना तर अधिकच वाटते.

दाढीच्या रेझरचा कसला आला बाजार, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. पूर्वी घरोघरी असायचा तो धातूचा रेझर आठवा : वर टोपी, खाली पट्टी, मधे पाते आणि हातात धरायला दांडा. प्लॅस्टिकचे फेकाऊ रेझर आले आणि तो मागे पडला. पण काही माणसे अजून त्यावर जीव टाकून आहेत. ती हाताने घडवलेला रेझर मागवतात, घड्याळासारखी त्याची निगा राखतात, आणि मन भरले की आपल्यासारख्याच दुसऱ्या वेड्याला विकतात. या फेरविक्रीतच कारागिराची खरी परीक्षा होते. नव्या वस्तूची किंमत कारागीर सांगतो. जुन्या वस्तूची किंमत तिला वापरलेली माणसे ठरवतात. मामांचे रेझर नव्यापेक्षा जुने महाग विकले जात. त्याचे कारण मात्र कुठल्याही पुस्तकात नव्हते.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. तरुणपणी ते बार्शीला एका भांड्यांच्या दुकानात नावे घालायला बसत. लग्नसराईत हंडे, पराती, ताटे यांचे ढीग त्यांच्यापुढे पडत आणि हातातल्या थरथरत्या यंत्राने ते देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावे ठिपक्याठिपक्यांनी उमटवत. पुढे त्यांनी ईटला बसस्टँडच्या रस्त्यावर लेथ, म्हणजे धातू कातायचे यंत्र, टाकला आणि आयुष्यभर पंपाचे शाफ्ट, ट्रॉलीच्या पिना, चरकाचे बुश केले. माणूस मोठा ऐटबाज. ग्रीसच्या डागांत वावरूनही शर्ट इस्त्रीचा आणि गाल गुळगुळीत. "दाढी न करता आलो तर लेथ वळखत न्हाय मला," असे ते गिऱ्हाइकांना सांगत. गावातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आपला दांडा तुटलेला जुना रेझर दुरुस्तीला आणला, त्याला मामांनी पितळी दांडा करून दिला, आणि तो त्यांना इतका आवडला की आठवडाभरात त्यांनी स्वतःसाठी अख्खा रेझर घडवला. मी तेव्हा पुण्यात शिकत होते. सुट्टीत आले, फोटो काढला, हौशी लोकांच्या इंटरनेटवरच्या एका गटावर टाकला. जेवायला बसेपर्यंत चौघांनी किंमत विचारली होती.

ती किंमत ठरवताना आमचे पहिले भांडण झाले. मामांचा हिशेब शाफ्टचा : पितळ, विजेचे बिल, लेथचे तास, वर थोडे. मी त्यांना विचारले, "आणि जमली नाही म्हणून कोपऱ्यात फेकलेल्या टोप्या? त्या कुठे धरल्या?"

"त्या माज्या चुकीच्या. गिऱ्हाइकानं माज्या चुकीचं पैसं कशापायी द्यायचं?"

"शाफ्ट करताना किती वाया जातात?"

"एक बी न्हाय."

"मग चूक तुमची नाही मामा, काम अवघड आहे. अवघड कामाचे पैसे वेगळे."

त्यांनी कोपऱ्यातली एक टोपी उचलून पाहिली. मग म्हणाले, "ह्ये बराबर बोललीस." मी तिप्पट आकडा सांगितला तेव्हा मात्र ते उठूनच उभे राहिले. "येवढ्यात शेळीचं करडू येतंय, मयू! दाढीपायी कोन देतंय?"

"आन् करडू पुढं दूध तरी देतंय," शांतामामी चुलीपासून म्हणाल्या.

लोकांनी दिले. आणि इथेच मामांनी ती गोष्ट केली, जी बार्शीच्या भांड्यांच्या दुकानात बसलेल्या माणसानेच करावी. पाठवण्याआधी त्यांनी प्रत्येक रेझरच्या दांड्यावर घेणाऱ्याचे नाव घातले. कोणी सांगितले नव्हते, कोणाला विचारले नव्हते. त्यांच्या दृष्टीने विचारण्यासारखे काही नव्हतेच. विकलेल्या वस्तूवर नाव घालायचे नाही तर काय करायचे? त्या पहिल्या खेपेत बंगळूरच्या एका गृहस्थांनी तीन रेझर एकदम घेतले होते. हेच ते संग्राहक, ज्यांचा निरोप पुढे मला अंगणात आला. तिन्हींवर मामांनी मोठ्या प्रेमाने, देवनागरीत, त्यांचेच नाव घातले. त्यांचा फोन आला तेव्हा मी तिथे होते. मूळचे सोलापूरचे असल्याने भांडण स्वच्छ मराठीत झाले.

"अहो, यावर माझं नाव आहे! आता मी हे दुसऱ्याला विकू कसे?"

"इकायला घेतलं व्हय?" मामा खरोखर चकित झाले होते. "मला वाटलं, दाढी लई दाट हाय."

मी हसले, पण मला धोका दिसत होता. वापरलेल्या रेझरवर परक्या माणसाचे नाव म्हणजे त्याचा फेरविक्रीचा भाव कोसळणार; तो कोसळला की नवा घेणाराही हात आखडता घेणार. झालेही तसेच. पहिले वर्षभर मामांचे जुने रेझर निम्म्या भावातही कोणी घेईना. मी त्यांना सांगितले, की नावाऐवजी पट्टीखाली क्रमांक घालू. ते म्हणाले, "गावजेवणाला शंभर घरची भांडी येत्यात. धुतल्यावर कोन्ची कुनाची, कशावरनं वळखत्यात? लंबर बघून?" यावर माझ्याकडे उत्तर होते, पण ते ऐकायला मामा थांबले नाहीत.

मग नागपूरच्या एका डॉक्टरांनी पडत्या भावात घेतलेला रेझर टपालाने ईटला पाठवला : आधीचे नाव खोडून द्यावे. मामांनी त्यांना फोन लावला. "खोडायचं म्हंजे पितळ घासावं लागंल, दांडा बारीक व्हईल. आन् पयल्या मानसानं काय वंगाळ केलं? तुमचं नाव त्येच्या खाली घालतो." त्यांनी घातले, आणि पैसे घेतले नाहीत. डॉक्टरांनी दोन नावांच्या त्या दांड्याचा फोटो गटावर टाकला. महिनाभरात आणखी दोघांनी आपले रेझर पाठवले. पुढे एक तीन नावांचा रेझर विकला गेला तो नव्या रेझरच्या वरच्या भावात.

मी हा बाजार तेव्हापासून जवळून अभ्यासला आणि मला त्यामागची रीत सापडली. पितळेची नक्कल होऊ शकते. एका माणसाच्या हाताने, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या दाबाने उमटलेल्या तीन नावांची नक्कल करणे परवडत नाही. दुसरे असे, की प्रत्येक नाव म्हणजे आणखी एका माणसाने हा रेझर रोज गालावर फिरवला आणि तो टिकला याची साक्ष. मामांना मी हे समजावून सांगितले. "म्हंजे माजंच बराबर व्हतं," ते म्हणाले. मी म्हटले, "बरोबर होते, पण कारण तुम्हाला ठाऊक नव्हते." "कारन तुला ठाव हाय की. घरातच हाय ना?" ... या वाक्यावर मी आजही थोडी फुलते.

जिथे त्यांची चूक असे तिथे ते माझे ऐकतही. सुरुवातीच्या पितळी टोप्या घट्ट पिळल्या की किंचित वाकत. पात्याखालची फट एका बाजूला वाढे आणि हनुवटी कापली जाई. मामा दोष पात्यांना देत. मी प्रयोगशाळेत टोपी तपासून आणली आणि सांगितले, टोपी-पट्टी स्टीलची, दांडा तेवढा पितळेचा. दोन महिने ते स्टीलला शिव्या घालत होते, हत्यारे मोडत होते. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला पुण्याला पार्सल पाठवले. आत नवा रेझर होता, आणि दांड्यावर माझे नाव. मला दाढी नाही हे त्यांना माहीत होते. नाव मात्र कुठेतरी यायलाच हवे होते.

बंगळूरच्या त्या गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी मोठा प्रस्ताव ठेवला : वर्षभराचा सगळा माल आम्ही उचलतो, दर दुप्पट, अट एकच, दांडा कोरा. मी हो म्हणावे या मताची होते. नवा लेथ घ्यायचा होता, नितीन हाताशी आला होता. मामांनी चहा संपवला आणि ते म्हणाले, "बिननावाचं म्या दुकानातनं भाईर काढत न्हाय." एवढ्यावर बैठक संपली. लेथ जुनाच राहिला.

चौदाव्यानंतर त्याच गृहस्थांचा पुन्हा फोन आला, आणि या खेपेला प्रश्न अधिक कठीण होता. मामा स्वतः वापरत तो पहिला रेझर त्यांना हवा होता. त्यावर फक्त मामांचे नाव. ते देऊ करत होते त्या रकमेत नवा लेथ सहज आला असता. शिवाय त्यांचा एक आग्रह होता : आता कुठल्याही रेझरवर नवे नाव घालू नये, नावे कारागिरासोबत संपली असे जाहीर करावे, म्हणजे आहेत त्या सगळ्यांचे भाव चढतील. दुकानात तेव्हा नाव घालायला आलेला एक रेझर पडून होता. नागपूरच्या डॉक्टरांच्या मुलाचा.

मी, नितीन आणि मामी, आम्ही तिघे दुकानात बसलो. नितीनने माझ्याकडे पाहिले. "ताई, तू सांग. हिशेब काय म्हनतो?"

मी जसा होता तसा सांगितला. विकला तर लेथ येईल. नावे बंद केली तर मामांचे रेझर सोन्यासारखे होतील, आणि नितीन उद्यापासून जे करेल ते मुलाचे, म्हणजे दुय्यम ठरेल. बाजार तिथे रेघ मारेल, आणि ती रेघ पुन्हा पुसता येणार नाही. नावे चालू ठेवली तर आज नुकसान आहे, पण दुकान चालते राहील. दोन्ही बाजू मांडून मी थांबले... कारण पुढचे माझ्या विषयात बसत नव्हते.

मामींनी नितीनला विचारले, "त्येनं दाढी कोन करतंय आता?"

"मीच करतोय की. सुतक फिटल्यापास्नं."

"मग वापरतोस आन् नाव घालाया लाजतोस व्हय रं?"

नितीन उठला. नावे घालायचे यंत्र खणातून काढून त्याने वायर लावली. वडिलांचे नाव दांड्याच्या मानेशी होते. त्याखाली त्याने स्वतःचे घालायला घेतले. त्याने शाफ्ट शेकडो केले होते, नाव कधी घातले नव्हते. दुसरे अक्षर उताराला लागले, शेवटचे ठिपके एकमेकांवर चढले. मामींनी रेझर उजेडात धरला. "वाकडं हाय," त्या म्हणाल्या. "दुसरं नीट घाल. डाक्टरच्या पोराचं हाय, परक्याचं."

डॉक्टरांच्या मुलाचे नाव त्याने दुपारभर बसून घातले, आणि ते सरळ आले. दोन्हींचे फोटो मी गटावर टाकले आणि खाली लिहिले, की ईटला नावे घालणे चालू आहे. बंगळूरहून तासाभरात उत्तर आले : 'एका मौल्यवान वस्तूची तुम्ही माती केलीत.' मी नितीनला ते वाचून दाखवले. तो म्हणाला, "त्यांचे तीन पडलेत न्हवं का तसेच? म्हनावं, पाठवा, पुढची नावं घालून देतो."

परवा ईटला गेले होते. लेथ अजून जुनाच आहे, आणि नव्या मागण्या मामांच्या वेळेपेक्षा कमी आहेत. ते लपवण्यात अर्थ नाही. सकाळी हात धुवायला मोरीत गेले तर खिडकीच्या फळीवर तो रेझर आडवा ठेवलेला दिसला, एवढी मोठी रक्कम नाकारून घरी राहिलेला. वरचे नाव रेखीव, खालचे उताराला लागलेले. मी तो उचलला. तो ओला होता, आणि दुकानातून लेथ सुरू झाल्याचा आवाज येत होता.