धामणीच्या पाण्याची कटकट

लग्न होऊन मी कागलहून कोल्हापुरात आले तेव्हा सासरी माणसं दोनच होती, नवरा आणि सासू. तिसरी धामण. तिच्याबद्दल लग्न ठरताना कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

नवरा रंगारी, फेटे रंगवायचा. महाराजांच्या राज्यात फेट्यांना तोटा नव्हता. दसरा जवळ आला की आमच्या परड्यात पाय ठेवायला जागा उरत नसे. पण खळ दिलेलं कापड उंदरांना फार गोड लागतं. कितीतरी फेटे त्यांनी कुरतडून ठेवलेले. अशात परड्यातल्या रिकाम्या रांजणात ही धामण पडलेली सापडली आणि नवऱ्यानं तिला उंदरांवर उतारा म्हणून ठेवून घेतलं. कापडाच्या खोलीत एक मोठी लाकडी पेटी, वर तारेच्या जाळीचं झाकण, आत वाळू आणि पाण्याला मोठी पसरट पितळी वाटी. दुपारी खोलीचं दार लावून तो तिला मोकळी सोडायचा, आणि तिनं उंदीर धरला की पोरगं पहिलं आल्यासारखा घरभर सांगत फिरायचा.

"बिनविषारी हाय," त्यानं मला सांगितलं. "चावली तरी काय व्हत न्हाय. पर तिचं पाणी तेवढं सोच्छ ठेवायचं. रोज बदलायचं. ते आता तुज्याकडं."

म्हणजे नव्या नवरीकडं हे काम आलं.

सुरुवातीला भीती वाटायची. काठीनं झाकण सरकवायचं, चिमट्यानं वाटी ओढायची, तोंडानं अल्लाचं नाव घ्यायचं. पण भीती पुष्कळशी गेली आणि तिच्या जागी वैताग आला. मी वाटी घासून, भरून ठेवायची आणि पाठ वळवली की धामण ती उलथवायची. नाहीतर अंगाचं वेटोळं करून त्यातच बसायची, आणि उठताना त्यातच घाण करून उठायची. सासू म्हणायची, "माणसाला एवढं कुणी बघत न्हाय गं. मला ताप आल्ता तवा मी हाक मारून मारून पाणी मागत हुती."

शेवटी मी पाथरवटाकडून एक उथळ दगडी डोणी आणवली. ती तिला उलथवता येईना. एक कटकट मिटली असं मला वाटलं.

पण पाणी काही स्वच्छ राहीना. सकाळी ठेवलेलं पाणी दुपारी बघावं तर गढूळ. कधी आंबूस वास, कधी तळाला पांढरा साका, कधी काठावर मुंग्या. मी पुन्हा घासायची, पुन्हा भरायची. नवरा डोणीत वाकून बघायचा आणि माझ्याकडं असा बघायचा की जणू मीच त्यात थुंकले होते.

त्यात पावसाळ्यात शहरात पटकीची साथ आली. सरकारी माणूस येऊन आमच्या आडात लाल औषध ओतून गेला. पोहरा वर काढला की पाणी गुलाबी दिसायचं, त्याला वासही यायचा. आम्ही नाक दाबून तेच प्यायचो. नवरा मात्र पहिल्याच दिवशी म्हणाला, "हे पाणी तिला द्यायचं न्हाय. नळाचं आण."

"आपण पितोय की!"

"आपलं येगळं. ती मुकं जनावर हाय."

मग मी घागर घेऊन दोन गल्ल्या ओलांडायची, कळंब्याच्या तळ्यातून येणाऱ्या नळाच्या चावीवर उभी राहायची. तिथं ही भांडणं. भर पावसात, डोक्यावर पोतं घेऊन मी रांगेत. एक बाई म्हणाली, "तुमच्यात आड हाय की वो. मग हितं कशाला? कोण पावणं आल्यात काय?" मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार?

एवढं करूनही धामण मलूल झाली. उंदीर समोरून गेला तरी हलेना. डोळ्यांवर दुधी झाक आली, अंगाची कात सुटायच्या वेळी जागोजागी चिकटून फाटली. नवऱ्यानं ते पाहिलं आणि मला परड्यात बोलावून म्हणाला, "तुझं पाण्याकडं ध्यान न्हाय. एक काम सांगितलं, ते बी धड हुईना."

 दुसऱ्या दिवशी मी डोणी घासली, चावीवरचं पाणी भरलं आणि कापडाच्या खोलीतच फेट्यांच्या थप्पीमागं बसून राहिले. आज बघायचंच होतं, हे पाणी कोण नासवतंय.

आधी सासू आली. कनवटीचा तुरटीचा खडा काढून तिनं जाळी उचलली आणि डोणीत तो चांगला गरागरा फिरवला. रंगाऱ्याच्या घरात तुरटीला काय तोटा! पाण्यातला गाळ बसतो म्हणून ती आमच्या माठातही फिरवायची, पण तिथं नावापुरती. इथं तिनं निम्मा खडा झिजवला. "पी बाई, निर्मळ पी," असं म्हणत गेली.

थोड्या वेळानं पेटीवरच्या, परड्याकडच्या खिडकीतून एक हात आत आला. शेजारच्या म्हशीवाल्या मावशींचा. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते असं त्यांना कुणीतरी भरवलं होतं. त्यांनी जाळीतूनच तांब्याभर दूध डोणीत सोडलं आणि हात जोडून म्हणाल्या, "हे घे, आनि आमच्या गोठ्याकडं फिरकू नगंस."

मी उठणारच होते, पण तशीच बसून राहिले. कारण दारात नवरा उभा होता. त्याचे हात कोपरापर्यंत निळे. डोणीत डोकावून तो पुटपुटला, "बगा, आजबी तसंच." मग जाळी बाजूला सरकवून हातातल्या लोट्यानं त्यानं डोणीत पाण्याची भर घातली. तो लोटा निळीच्या रांजणावरचा होता. चुन्याचा आणि निळीचा थर त्याच्या काठाला वाळून बसलेला मला थप्पीमागूनसुद्धा दिसत होता.

मी उठले तेव्हा फेट्यांची अख्खी थप्पी माझ्यासोबत खाली आली.

"मुकं जनावर म्हणता, आणि चुना पाजता?" मी ओरडले. लग्नानंतर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ. "मी पावसात घागरी वाहते. हिकडं आम्मा तुरटी घालत्यात, मावशी दूध घालत्यात, तुम्ही नीळ घालताय! तिला निस्तं पाणी कोण देणार?"

सासू धावत आली, खिडकीत मावशी आल्या. सगळे एकदम बोलू लागले. तुरटीनं कधी कुणाचं वाईट झालंय का, असं सासू विचारत होती. मावशी दुधाची शपथ घेत होत्या. नवरा हातातल्या लोट्याकडं बघत उभा होता. आणि या सगळ्या गदारोळात जाळी उघडीच राहिली.

धामण गेली हे कळलं तेव्हा पेटीत नुसती वाळू होती.

आम्ही घर उलथंपालथं केलं. फेटे झटकले, रांजण सरकवले, नवरा कौलांवर चढला. सापडली ती सासूलाच, स्वयंपाकघरात. माठाखालच्या ओल्या वाळूत ती पसरली होती. माठ पाझरून खालच्या मातीच्या परळात पाणी जमायचं, त्यात तोंड घालून ती पीत होती. गळ्याजवळची कातडी हळूहळू हलत होती. सासूनं किंकाळी फोडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आम्ही तिघंही उभे राहून बघत होतो. ती पीतच राहिली.

"किती तानेजली व्हती," सासू हळू म्हणाली.

त्या माठातलं पाणी मात्र सासू नंतर प्यायली नाही. नवा माठ आणावा लागला.

पेटीला मी कडी-कुलूप लावून घेतलं आणि किल्ली माझ्या पदराला बांधली. घालायचं ते मीच घालणार, इतरांनी हात लावायचा नाही. मावशी चार दिवस बोलल्या नाहीत. नवऱ्यानं चूक झाली असं काही म्हटलं नाही, तशी त्याची सवयच नव्हती. पण एका सकाळी उठून बघते तर चावीवरची भरलेली घागर दारात होती. धामण सावरली. पुढची कात तिनं अखंड टाकली, डोणीच्या काठाला अंग घासत, शेपटाच्या टोकापर्यंत.

ती आमच्याकडं बरीच वर्षं होती. मग एका उन्हाळ्यात खोलीच्या भिंतीला भगदाड पडलं आणि दुपारी मोकळी सोडलेली धामण त्यातून निघून गेली. नवरा पंचगंगेच्या काठच्या मळीपर्यंत, उसाच्या फडांतून हिंडून आला. पाय चिखलानं माखलेले, तोंड उतरलेलं. मी पाय धुवायला पाणी दिलं. त्याला बोलायला माझ्याकडं पुष्कळ होतं, पण त्या दिवशी मी डोणी घासून भरली आणि भगदाडापाशी नेऊन ठेवली.