नापास झाल्याचे पेढे

लातूरहून आतेभाऊ संजूचा फोन आला, "आई गेली." रविवारी दुपारी जेवून कमलआत्या जरा पडली, ती उठलीच नाही. माझ्या तोंडून नको ते निघालं, "मटण झालं होतं?" संजू रडता रडता म्हणाला, "हाव. दोनदा रस्सा घेतला." मी तसाच नांदेडहून लातूरची गाडी धरली.

आत्या शाळेत गणिताच्या बाई. निवृत्त झाली आणि बोटांचे सांधे सुजले. सकाळी मूठ मिटेना, भाकरीचा तुकडा मोडेना. आमवात निघाला. मरणाला ती भीत नव्हती. "दुसऱ्याच्या हातानं घास खायची पाळी नको रे," एवढंच म्हणायची. डॉक्टर तिचाच जुना विद्यार्थी. त्यानं सीआरपी तपासायला लावलं. अंगात सूज असली की रक्तात हे प्रथिन वाढतं. पहिला रिपोर्ट घ्यायला मी सोबत होतो. आकडा आला अडतीस. आत्या खुर्चीत ताठ बसली.

"पस्तीसला पास. काठावर का होईना, सुटले."

"बाई, इथं नापास व्हायचं असतं," डॉक्टर म्हणाला. "पाचाच्या खाली. सातवीत मला तीन मार्क दिले होते तुम्ही, तेवढे आणा."

गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी घ्यायची होती. पुढचा रिपोर्ट आला बावन्न. डॉक्टर डोस वाढवायचं बोलू लागला आणि आत्या छताकडं बघू लागली. मला शंका आली.

"आत्या, गोळी घेऊन राहिलीस ना?"

"घेते की. कधीमधी."

"रविवारी?"

"रविवारी मटण असतंय," ती डॉक्टरकडं वळून म्हणाली. "तुझ्या गोळीनं तोंड कडू पडतंय, मळमळतंय. चांगल्या मटणाचा अपमान होतो."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "मग सोमवारी घ्या, बाई. वार कोणताही चालतो, फक्त एकच धरा आणि चुकवू नका."

"हे आधी सांगायचं न्हाई का? गणितच अर्धवट घातलंस तू."

तेव्हापासून सोमवारी त्या घरात कुणी आत्याच्या वाटेला जात नसे. पण काही महिन्यांनी मूठ मिटली, आणि रिपोर्टात चार आला. आत्यानं गल्लीत पेढे वाटले. लातुरात पेढे म्हणजे निकालच. शेजारीण म्हणाली, "कुणाचा निकाल? किती पडले?"

"माझा. चार."

शेजारणीनं पेढा हळूच खाली ठेवला. "असू द्या बाई. रिपीट करता येतंय."

गेल्या आठवड्यात संजू आणि मी तिच्या स्वयंपाकघरातले खण आवरत होतो. एका खणात तळाशी जाडजूड रबरी मुठीचा चमचा निघाला. ज्यांची बोटं वळत नाहीत त्यांच्यासाठी असतो तसला. तिचे हात फार वाईट होते तेव्हा संजूनंच आणला होता.

त्याचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. संजूनं तो पुसला आणि परत खणात ठेवून दिला.