लागलेलं पिठलं

पुण्यात मी हॉटेलांचं पीआर करायचे. म्हणजे जे मी स्वतः दुसऱ्यांदा खाल्लं नसतं, त्याबद्दल लोकांनी चांगलं लिहावं याची सोय लावायची. माझं माहेर केजचं आहे हे आमच्या बॉसबाईंना कळलं आणि केज रोडवरच्या एका नव्या हॉटेलचं उद्घाटन माझ्या गळ्यात पडलं.

मालक एका पुढाऱ्याचा मुलगा. त्याच्या दुप्पट वयाची माणसंही त्याला दादा म्हणायची. बॅनरवर मधोमध तो, भोवती कार्यकर्त्यांची डोकी, आणि हॉटेलचं नाव खाली कोपऱ्यात.

मी म्हटलं, "दादा, एखाद्या पदार्थाचा फोटो टाकू की."

"ताई, पदार्थ काय मतदान करतो का?" तो म्हणाला.

शेफ पुण्याहून आणलेला. नाण्याएवढ्या भाकरीवर तो पिठल्याचा फेस ठेवायचा आणि त्याला मराठवाड्याचा आत्मा म्हणायचा. मराठवाड्यात त्याला येऊन आठवडा झाला होता.

उद्घाटनाला बोलावलेली ब्लॉगर मंडळी दुपारी यायची होती, पण घाटात रील काढत बसली. तोवर कार्यकर्त्यांच्या जीपा आल्या. त्यांनी ती नाणी तोंडात टाकली, "हे झालं, जेवण कवा हाय?" असं विचारलं आणि आत जाऊन पातेली रिकामी केली. दिवस कलताना ब्लॉगर उतरले, तेव्हा स्वयंपाकघरात कोथिंबिरीची एक जुडी उरली होती. शेफ खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. आपला मूड गेला, म्हणाला.

मी रस्ता ओलांडून समोरच्या ट्रकवाल्यांच्या खानावळीत गेले.

"पिठलं हाय, पण खाली लागलंय जरासं," खानावळवाल्या मावशी म्हणाल्या. "चालंल का?"

"चालंल. त्यांना कळत न्हाई."

ते हॉटेलात आणून मी काळ्या दगडी ताटल्यांत वाढलं आणि वर कोथिंबीर टाकली. ब्लॉगरांतली जी सगळ्यांत प्रसिद्ध होती, तिनं एक घास घेतला आणि कॅमेऱ्यासमोर डोळे मिटले. "हा स्मोकी फ्लेवर! शेफ, कसं जमवलंत?"

शेफनं माझ्याकडे एकदा पाहिलं. निदान चेहरा तरी पडेल, असं मला वाटलं होतं.

"बाभळीच्या कोळशाची धुरी देतो," तो म्हणाला. "इथली जुनी पद्धत आहे."

"आमच्या घराण्यातली," दादा शेजारून म्हणाला.

व्हिडिओ खूप चालला. लोक धुरीचं पिठलं मागायला लागले, म्हणून शेफ रोज मुद्दाम पिठलं करपवायला लागला. ते त्याला जमेना. कुणी ताट परत पाठवलं की तो सांगायचा, तुमची जीभ अजून तयार नाही.

मी बॉसबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "छान आहे," म्हणाल्या. "खानावळ वगळ आणि बाकीचं प्रेसनोटमध्ये घे." मी घेतलं. वर्तमानपत्रांनी शब्दही न बदलता छापलं.

पावसाळ्याआधी शेफ निघून गेला. दादानं टेबलं काढून तिथं मंगल कार्यालय केलं. पुढं मीही ती नोकरी सोडली. तत्त्वाबित्त्वासाठी नाही, असल्या लोकांसमोर चेहरा गंभीर ठेवण्याचा कंटाळा आला म्हणून. ती ब्लॉगर आता भरडधान्यांवर व्याख्यानं देते. परवा तिच्या एका व्याख्यानाला आयोजकांनी मला पहिल्या रांगेत बसायला बोलावलं होतं. मी नाही म्हटलं आणि जेवून झोपले.